भुलवणी आणि नक्कल

इद्वाल प्रिचर्ड तळ्यात घुसलेल्या जमिनीच्या टोकावर उभा होता, ही बातमी त्याच्या बायकोला, तेग्वेनला, पोस्टात कळली. इद्वालला जाऊन तेव्हा सहा-सात महिने झाले होते.

पेंत्रे-दीच्या पोस्टाची खिडकी मॉर्व्हिदकडे होती. गावातली निम्मी पत्रं न उघडताच तिला पाठ असायची. त्या दिवशी मात्र ती तिकिटं फाडताना गप्प होती. तेग्वेननं पाकिटाला तिकीट लावलं, तरी मॉर्व्हिदचा हात खिडकीतून आत जाईना.

"सांगू की नको, असं आठवडाभर चाललंय माझं," ती शेवटी म्हणाली. "ईस्टरच्या रविवारी संध्याकाळी मी बहिणीकडून परत येत होते. तळ्याच्या कडेकडेनं. आणि समोर टोकावर इद्वाल उभा. आपला इद्वाल. गुडघ्याएवढ्या पाण्यात."

"रविवारी?"

"रविवारीच."

"इद्वालनं जन्मात रविवारी गळाची काठी हातात धरली नाही. चॅपलमधून उठून मासे धरायला जाणाऱ्यांना तो पाखंडी म्हणायचा."

"अगं, मेल्यावर कसलं चॅपल आणि कसला रविवार!" मॉर्व्हिद बोलून गेली आणि मग तिनंच जीभ चावली.

तेग्वेन वळली. पत्र पेटीत टाकायचं विसरून तशीच घरी आली. चहाला आधण ठेवलं, ते उकळून आटलं, तरी ती टेबलाशी बसून होती.

इद्वाल गेला तो सप्टेंबर अखेरीस, ट्राउट माशांचा हंगाम संपायला एक दिवस उरला होता तेव्हा. संध्याकाळी तळ्यावर गेला, तो आलाच नाही. सकाळी तळ्याचा राखणदार मोस्टिन होडी घेऊन फिरत होता, त्याला तो टोकावरच्या खडकाला टेकून बसलेला दिसला. हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले. त्रास झाला नसावा, असंही म्हणाले. डॉक्टरांनी ते म्हणायचंच असतं. पण मोस्टिननं दफनाच्या दिवशी, हातातली टोपी चुरगाळत, एक गोष्ट सांगितली होती आणि ती तेग्वेनच्या मनात रुतून बसली होती. काठी इद्वालच्या मांडीवर होती. दोरी पाण्यात होती. आणि दोरीच्या टोकाला मासा होता, जिवंत. रात्रभर तसाच. मोस्टिननं गळ काढून त्याला सोडून दिलं.

मासा आधी लागला की इद्वाल आधी गेला? तिला तेवढंच हवं होतं. इद्वाल बसल्या बसल्या गेला आणि मग एखादा मुका जीव त्या मेलेल्या हाताला रात्रभर हिसके देत राहिला, हे चित्र तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं. कुणाला विचारावं, तर हसतील.

दुसऱ्या दिवशी ती गेथिनच्या दारात उभी राहिली.

गेथिन म्हणजे इद्वालचा शाळेपासूनचा दोस्त. जन्मभर अॅबरिस्टविथची बस चालवली, लग्न केलं नाही, आणि बस चालवताना गप्प बसावं लागलं त्याची भरपाई निवृत्तीनंतर करत होता. ईस्टरलाच त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. काठी टेकत त्यानं दार उघडलं.

"मला मासे धरायला शिकव," तेग्वेन म्हणाली.

"तुला? तू तर त्या तळ्याला सवत म्हणायचीस!"

"म्हणायचे. आता सवतीकडे जाऊन बघते, तिच्यात असं काय होतं."

गेथिन हसला, पण तिच्याकडे बघून त्याचं हसू अर्ध्यात राहिलं. "मी शिकवेन, पण माझ्या पद्धतीनं. इद्वालची पद्धत मला जमत नाही. मला गळाला पिसं बांधून भुलवण्या येतात. खऱ्या किड्यांच्या नकला तुझ्या नवऱ्यालाच येत."

लिन केलिनेन तळ्याच्या काठावर हे दोन पंथ होते आणि त्यांचं चॅपलमधल्या दोन गटांसारखंच विळ्याभोपळ्याचं सख्य होतं. मे महिन्यात गेथिनचा गुडघा वळायला लागला, तेव्हा त्यानं तिला बांधाकडच्या काठावर नेलं आणि आपली डबी उघडली. आत होळी पेटल्यासारखी होती. गळांवर बांधलेली नारिंगी, पांढरी, झगझगीत हिरवी पिसं, चंदेरी तारा गुंडाळलेली, बोटाएवढ्या लांब शेपट्या.

"ही कुठली माशी आहे?" तिनं विचारलं.

"कुठलीच नाही. असा प्राणी देवानं केलेलाच नाही. हीच गंमत! ही फेकायची आणि सरासरा ओढायची. मासा आपल्या तंद्रीत असतो. त्याच्या नाकासमोरून ही बया शेपटी फुलवत पळते. तो चिडतो, नाहीतर चेकाळतो, नाहीतर उगाचच मागे लागतो. तोंड उघडतो आणि संपला."

"भूक नसताना?"

"तेग्वेन, तू कधी जत्रेत भूक लागली म्हणून काही खाल्लंस का?"

तिला काठी फेकता येईना. दोरी तिच्या टोपीत, गेथिनच्या कोटात, मागच्या काटेरी झुडपात अडकायची. पण गेथिन शिव्या न देता सोडवायचा, आणि हळूहळू दोरी पाण्यावर सरळ पडायला लागली. डाव्या हातानं लांबलांब हिसके देत ओढायची: कोपर मागे, पुन्हा मागे, पुन्हा मागे. भुलवणी काठाशी आली की लगेच पुन्हा फेकायची. खांदा भरून यायचा. एका संध्याकाळी असाच हिसका मध्येच अडला आणि पाण्यातून कुणीतरी तिच्या हाताला उलटा हिसका दिला. ती किंचाळली.

"ओढ! ओढ! त्याचा तोच लागलाय, तुला काही करायचं नाही!" गेथिन नाचत होता, दुखऱ्या गुडघ्यासकट.

मासा काठावर आला. गेथिननं छोट्या दांडक्याचा एक टोला घालून त्याला शांत केलं, मग खिशातून एक लांब, अरुंद चमचा काढून त्याच्या घशातून पोटात घातला, फिरवला आणि बाहेर काढला. इद्वाल हेच घरी मोरीवर करायचा. माशानं शेवटचं काय खाल्लं ते बघून पुढच्या वेळची माशी ठरवायचा. चमच्यात नुसतं पाणी होतं.

"रिकामा," गेथिन म्हणाला. "बघ, खात नव्हता, खायची इच्छाही नव्हती. उगाच मेला."

तेग्वेननं मान हलवली. पण तिची नजर माशावर नव्हतीच. ती तळ्याच्या छोट्या खाडीपलीकडे, टोकाकडे बघत होती. गेथिननं तिकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं, आणि चमचा गवताला पुसत बसला.

जूनमध्ये एकदा त्यानं निरोप पाठवला: गुडघा सुजलाय, आज एकटीच जा. ती गेली. वारा पडला होता. सूर्य डोंगरामागे गेला तसं पाणी शिशासारखं झालं. आणि टोकावर तो उभा होता.

इद्वालची चपटी टोपी. इद्वालचा लांब, मेणकापडी कोट, उजवा खांदा जरा खाली. पाण्यात गुडघाभर. तिच्याकडे तोंड नव्हतं. तेग्वेनच्या हातातली काठी कधी खाली गेली ते तिला कळलं नाही. तिनं हाक मारली नाही. हाक मारली तर तो वळेल आणि वळल्यावर टोपीखाली काय दिसेल, याचं तिला भय वाटलं. ती फक्त बघत राहिली, डोळ्यांत पाणी येऊन सगळं विरघळेपर्यंत. डोळे पुसून पाहिलं, तर टोकावर नुसता खडक.

तो कोट आणि ती टोपी तिनं स्वतःच्या हातानं घडी करून चॅपलच्या जुन्या कपड्यांच्या विक्रीत दिली होती. देताना खिसेसुद्धा तपासले होते. मेलेल्या माणसाला त्याचे कपडे परत मिळतात का, हे कुठल्याच प्रवचनात सांगितलेलं नव्हतं.

त्या रात्री तिनं दोन कप मांडले. नंतरही मांडत राहिली. रोज संध्याकाळ झाली की तिचा जीव टांगणीला लागायचा. गेथिन बरोबर असला की टोक रिकामं. तो आला नाही की कधीकधी, रोज नाही, तो माणूस दिसायचा. दोनदा ती दगडांवरून धडपडत, खाडीला वळसा घालून धावली. पोचेपर्यंत तिथे कुणी नसायचं. एकदा चिखलात बुटांचे ठसे होते आणि त्यात पाणी भरत होतं. त्या ठशात तिनं आपलं पाऊल ठेवून पाहिलं आणि तिला रडू फुटलं.

ती वाळत चालली. मॉर्व्हिदनं हटकलं, "बाई गं, आरशात बघ जरा. त्याच्या मागं जायचा विचार आहे की काय?" तेग्वेन म्हणाली, "त्याच्या मागं नाही. त्याच्या शेजारी." मॉर्व्हिदला हसावं की घाबरावं कळेना.

असल्या भारल्या दिवसांत एकदा तिनं इद्वालचं कपाट उघडलं. डब्या एकावर एक रचलेल्या होत्या. उघडून बघते, तर पहिल्यांदा वाटलं रिकाम्याच आहेत, नुसता कचरा उरलाय. मग चष्मा लावला. बारीक, काळ्या, तपकिरी माश्या, तांदळाच्या दाण्याएवढ्या. तित्तराच्या शेपटीचं एखादं तूस, त्यावर तांब्याची केसासारखी तार, डोक्याशी पांढऱ्या लोकरीचा ठिपका. गेथिनच्या डबीतली माशी खोलीच्या दुसऱ्या टोकाहून दिसायची. ही हातात घेतली तरी दिसायला वेळ लागत होता.

"मला नकला शिकव," ती गेथिनला म्हणाली.

"माझ्या बापालाही जमलं नाही ते," तो म्हणाला. "माझा पिंड नाही तो. तिथे फेकायचं आणि गप्प बसायचं असतं. तुझा नवरा तासभर माशीच टाकायचा नाही, नुसता बघायचा. मी म्हणायचो, अरे, तळ्याशी लग्न लावतोस की काय! तर म्हणायचा, माशाला जे रोज दिसतं तेच दाखवायचं, गेथिन, आणि ते रोज जसं हलतं तसंच हलवायचं. नाहीतर तो ओळखतो."

मग ती आपली आपणच शिकली. संध्याकाळी काठावर बसून पाण्याकडे बघायची. आधी काही दिसेना. मग दिसायला लागलं: डासासारखे किडे तळाच्या चिखलातून वर येतात, पृष्ठभागाखाली क्षणभर लटकतात, पाठ फाटते आणि पंख घेऊन उडून जातात. त्या लटकण्याच्या क्षणी ट्राउट येऊन त्यांना हलकेच शोषून घेतो. पाण्यावर नुसतं एक वर्तुळ उमटतं, पावसाचा थेंब पडल्यासारखं. आणि डबीतली ती पांढऱ्या ठिपक्याची काडी म्हणजे हुबेहूब तो लटकणारा किडा.

ओढायचं कसं, ते तिला कुणी सांगावं लागलं नाही. हिवाळ्यात टीव्हीसमोर बसलं की इद्वालचा हात तिच्या लोकरीच्या गुंड्याकडे जायचा. बोलता बोलता तो धागा अंगठ्यात धरायचा, करंगळीनं ओढून घ्यायचा, पुन्हा अंगठा, पुन्हा करंगळी, आणि तळहातात धाग्याचं घरटं जमा व्हायचं. "माझी लोकर सोड!" म्हणून तिनं त्या हातावर किती चापट्या मारल्या असतील. आता काठावर बसून तिनं दोरी धरली आणि तिचा हात आपोआप तसा चालायला लागला. मनगटसुद्धा हलत नव्हतं. दुरून बघणाऱ्याला वाटलं असतं, बाई झोपलीय.

ऑगस्टमध्ये ती अशी बसली होती. गेथिनचा निरोप आला होता: आज जमत नाही. तासाभराच्या बघण्यानं तिचे डोळे बारीक हालचालीला सरावले होते. टोकावर तो येऊन उभा राहिला. मागे पश्चिमेचं पाणी अजून उजळ होतं आणि त्यावर त्याची काळी आकृती कागदातून कापून काढल्यासारखी स्पष्ट होती.

त्यानं माशी फेकली. तेग्वेन बघत होती, आणि पहिल्यांदाच चेहरा किंवा टोपी न बघता हात बघत होती.

कोपर मागे गेलं. पुन्हा मागे. पुन्हा मागे. लांबलांब हिसके. दोरी संपली तशी त्यानं लगेच पुन्हा फेकली. कोपर मागे, मागे, मागे.

 तिची कानशिलं तापली. तिनं काठी गवतात ठेवली आणि निघाली. या वेळी ती धावली नाही. मासा बिचकू नये म्हणून काठावर कसं वाकून, पाऊल दाबत चालायचं ते या दोन महिन्यांत तिच्या अंगवळणी पडलं होतं. खाडीला वळसा घालून ती त्याच्या पाठीशी येऊन उभी राहिली, तरी त्याला पत्ता नव्हता.

"गेथिन."

तो इतका दचकला की काठी हातातून सुटली.

"टोपी काढ."

त्यानं काढली. डोक्यावरचे पांढरे केस घामानं चिकटले होते. पाण्यात उभा राहून तो एखाद्या मुलासारखा खाली बघत होता.

"विक्रीतून घेतलीस?"

"कोटपण," तो पुटपुटला. "दुसऱ्या कुणी घालून गावभर हिंडू नये म्हणून घेतला होता. खरंच सांगतो. बाकी काही मनात नव्हतं."

"मग?"

"मग तू माझ्याबरोबर यायला लागलीस. मॉर्व्हिदनं मला सगळं सांगितलं होतं, ती काय पोटात ठेवते! तू पाण्याकडे बघायचीसच नाही, तेग्वेन. पहिला मासा लागला तरी तू इकडे बघत होतीस. रोज बघायचीस आणि रोज इथे कुणी नसायचं. ते तुझं तोंड मला बघवेना. एकदाच दिसू दे हिला, म्हटलं. एकदाच. दुसऱ्या दिवशी तू कशी आली होतीस आठवतंय? गालांवर रंग होता. तू गाणं गुणगुणत होतीस. मग मला थांबता येईना."

"म्हणून मला गळाला लावलंस."

"तेग्वेन..."

"मी घरी दोन कप मांडते, माहीत आहे तुला? जेवण जात नाही मला. मी तुझ्या बुटाच्या ठशात पाय घालून रडले, गाढवा!" तिचा आवाज पाण्यावरून पलीकडे जाऊन परत आला. "आणि करायचीच होती नक्कल, तर नीट तरी करायचीस! इद्वाल असा ओढायचा? असा?" तिनं कोपरानं हवेत हिसके दिले. "मरेपर्यंत त्याच्या शेजारी उभा राहिलास आणि त्याचा हात पाहिला नाहीस!"

गेथिन रडत होता. पाण्यात उभा राहून, नाक पुसत, मोठ्यानं. तिला त्याची कीव आली आणि त्या कीव येण्याचाही तिला राग आला. तिनं टोपी त्याच्या हातातून ओढून घेतली. जायला वळली. मग थांबली.

"ईस्टरला पण तूच होतास?"

"ईस्टरला?" त्यानं वर पाहिलं. "ईस्टरला मी अॅबरिस्टविथला इस्पितळात होतो. पाय वर टांगलेला. तूच नाही का मनुकांचा ब्रेड पाठवला होतास?"

पाठवला होता. मोस्टिनच्या बायकोच्या हाती, फडक्यात बांधून.  मग गेथिन पाण्यातून बाहेर आला, जरा घाईनंच.

त्यानंतर गेथिन गावातून निघून गेला, स्वान्सीला बहिणीकडे. तेग्वेननं दुसरा कप मांडणं बंद केलं. तळ्यावर जाणं मात्र थांबवलं नाही. फक्त आता ती बांधाकडे न बसता टोकावरच्या त्या खडकाशीच बसायला लागली. भीती वाटत नव्हती असं नाही. पण भीतीपेक्षा मोठं काहीतरी तिला तिथे बसवत होतं.

नकलेला मासे येत होते आणि सुटत होते. दोरीचं टोक पाण्यावर वीतभर सरकायचं, तिच्या लक्षात येईपर्यंत पुन्हा ढिलं. किती वेळा असं झालं! भुलवणीवर मासा झडप घालून स्वतःच अडकायचा, "त्याचा तोच लागलाय," असं गेथिन ओरडायचा. इथे तसं नव्हतं. मासा नकली किडा शांतपणे तोंडात घ्यायचा, पिसं आणि लोखंड जिभेला लागलं की थुंकून टाकायचा. ती एवढीशी फट. त्या फटीत ज्याचा हात जागा असेल, ज्यानं काठी उचलली, त्यालाच मासा.

सप्टेंबरच्या सुरुवातीला एकदा दोरी सरकली आणि तिचा हात तिच्या आधी उठला. काठी वाकली. मासा जड होता, जंगली होता, खोल गेला. शेवटी तो काठावर आला. चमचा घालून बाहेर काढला, तर तो काठोकाठ भरलेला: तेच काळे किडे, काही अजून वळवळत होते, आणि त्यांच्यात शोधूनही वेगळी काढता येऊ नये अशी तिची माशी त्याच्या जबड्यात होती.

ती चमच्याकडे बघत बसली, आणि बसल्या जागी तिला ते कळलं. असं कळलं की ती उठून उभी राहिली.

इद्वालच्या दोरीला नक्कल होती. नकलेला मासा आपोआप लागत नाही. कुणीतरी काठी उचलावी लागते. म्हणजे तो मासा लागला तेव्हा इद्वाल होता. त्यानं बघितलं होतं, दोरी सरकली तेव्हा त्याचा हात जागा होता, त्यानं काठी उचलली होती. जे काय झालं ते त्यानंतर. शेवटच्या क्षणी त्याच्या हातात जिवंत, ओढणारं वजन होतं, आणि त्याच्या तोंडावर ते बावळट, पोरगेलं हसू असणार, जे मासा लागल्यावर नेहमी असायचं आणि ज्यावरून ती त्याला चिडवायची. वर्षभर ती उलटंच चित्र बघत आली होती.

ती हसली आणि रडली, आणि मासा घरी नेऊन लोण्यावर परतून सगळा एकटीनं खाल्ला.

त्यानंतर आठवड्यानं मोस्टिन तिला चॅपलच्या बाहेर भेटला.

"तेग्वेन आंटी, रागावू नका," तो म्हणाला, "पण तुम्ही दोघं अंधार पडायच्या आत उठत जा. टोकावरचे दगड निसरडे आहेत. काल होडी बांधून घरी निघालो तरी तुम्ही बसलेलेच. मी हात केला, तुमचं लक्ष नव्हतं."

"दोघं?"

"तुम्ही आणि गेथिनकाका. आले ना परत? बरं झालं. मला वाटलं, तुमचं काही बिनसलंय."

तेग्वेननं हातमोजे घातले. मग काढले. "कुठे बसला होता तो?"

"तुमच्या डाव्या हाताला. टेकून." मोस्टिननं तिच्याकडे निरखून पाहिलं. "का हो? काही झालं का?"

"काही नाही रे. सांगेन त्याला. तू जा, बायको वाट बघत असेल."

ती घराकडे निघाल्यासारखं करून कोपऱ्यावरच्या लाल फोनच्या पेटीत शिरली. स्वान्सीला घंटी बराच वेळ वाजली.

"गेथिन? काल इकडे आला होतास?"

"मी? बहिणीचं स्वयंपाकघर रंगवतोय आठवडाभर. कंबर गेली माझी."  मग घाईघाईनं, "तेग्वेन, मी पुन्हा काही केलेलं नाही. आईची शपथ."

"माहीत आहे मला. म्हणूनच विचारलं." पेटीच्या काचेवर तिच्या श्वासाचं धुकं धरलं होतं. "रंग झाला की ये. तुझ्याशी भांडायचं थोडं राहिलंय."

"येतो," तो म्हणाला.  "अगं पण काल काय झालं?"

"तू ये तर," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

संध्याकाळी ती टोकावर गेली. वारा पडला, पाणी शिशासारखं झालं, वर्तुळं उमटायला लागली. तिनं माशी हलकेच टाकली आणि दोरी बोटांत घेतली: अंगठा, करंगळी, पुन्हा अंगठा. डोंगरावरून मेंढ्यांचा आवाज आला आणि थांबला. मग डाव्या बाजूला गार पडलं, दार उघडं राहिल्यासारखं, आणि ओल्या मेणकापडाचा वास आला.  छातीत इतकं धडधडत होतं की पाण्यातल्या माशालाही ऐकू जावं. तिनं वळून पाहिलं नाही. दोरीचं टोक हलायच्या बेतात होतं, आणि अशा वेळी कुणी चुळबुळ केलेली इद्वालला मुळीच खपत नसे.